मानाचा बैल

बैलाच्या पोटातून पहिलं पुडकं निघालं, तेव्हा राजेसाहेबांनी पानाचा डबा इन्स्पेक्टरपुढे सरकवला. घरी आलेल्या माणसाला पान द्यायचं, मग तो बेड्या घेऊन आलेला का असेना, ही घराण्याची रीत होती.

बैल लाकडी होता, पुरुषभर उंच, चाकांवरचा. नागपुरात तान्ह्या पोळ्याला गल्लीतली मुलं आपापले वीतभर बैल घेऊन याच्या मागे उभी राहत, आणि हा पुढे झाल्याशिवाय पोळा फुटत नसे. आज मुलं बोजाऱ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या खाऊ-पैशांच्या, आशेने फाटकाबाहेर ताटकळली होती आणि आत हवालदार नत्थू बैलाला हात जोडून, त्याची माफी मागून, त्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालत होता.

सरकारने तनखा बंद केला, पण राजेसाहेब गणपतरावांना मोटार सोडवेना आणि बासमतीही सोडवेना. अशात शहराबाहेरच्या वाडी गावचा गोदामवाला रुपराव एक दिवस येऊन बसला. पोळा झाला की हा बैल ट्रकमधून राणीसाहेबांच्या माहेरी, माळव्यात, मानाला जाई. रुपराव म्हणाला, "सरकार, देवाच्या पोटात कोणता नाकेवाला हात घालन?" तेव्हापासून बैल रिकाम्या पोटी गेला नाही. रुपराव दार लावून पुडकी भरी. वाटणी चांदीच्या तबकात येई. गांजा हा शब्द घरात कोणी उच्चारत नसे, 'वनस्पती' म्हणत. राजेसाहेबांनी ती वनस्पती कधी पाहिली नव्हती की हुंगली नव्हती. खानदानी माणूस मालाला हात लावत नाही. ते व्यापाऱ्याचं काम.

राणीसाहेब प्रमोदिनी झोपाळ्यावर बसून मघापासून एकच सांगत होत्या, "काही ठाऊक नाही म्हणा आणि मोकळे व्हा." त्यांच्या माहेरी एके काळी तोफांची सलामी होती, सासरी नव्हती. ही गोष्ट त्या रोजच्या जेवणात मीठ वाढावं तशी वाढत.

राजेसाहेबांनी ऐकलं. "आम्हाला काही ठाऊक नाही," ते म्हणाले.

इन्स्पेक्टर रामटेक्यांनी पुडकं फोडलं. हुंगलं. दुसरं फोडलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"सरकार, हे तं कुटार आहे."

"म्हणजे?"

"चारा. तुरीचं कुटार. बैल खातात."

नत्थूला हसू आलं. त्याने ते खोकल्यावर नेलं आणि घाईघाईने बाहेर गेला.

रामटेक्यांनी मग सगळं सांगितलं. रुपराव सकाळीच वाडीच्या नाक्यावर सापडला होता. खरा माल तेलाच्या डब्यांत होता, आणि पहिल्या वर्षापासून तो तसाच जात होता. बैलात गांजा आहे ही कुजबुज रुपरावनेच मुद्दाम पसरवली होती. पोलीस बैलामागे ट्रकच्या धुळीत फिरत राहिले, देवाला हात लावायची कोणाची हिंमत झाली नाही, आणि डबे दुसऱ्या रस्त्याने निघून गेले. यंदा वरच्या पोलीस साहेबांनी झडतीचा हुकूम काढून आणला तेव्हा कुठे बैलाचं पोट उघडलं.

"पण आमची वाटणी?" राजेसाहेबांनी विचारलं.

"ते बैलाचं भाडं होतं सरकार. रुपराव तं तुमच्यासाठी रडत होता. म्हणे, राजेसाहेबाईले काहून अडकवता, त्याईले काहीच समजत नाही, भोळा माणूस हाये."

राणीसाहेबांनी सुटकेचा निःश्वास सोडला. रामटेक्यांनी टोपी घातली.

"तुमच्यावर गुन्हा नाही. कुटाराला परवाना लागत नाही. पंचनाम्यात लिहितो, रुपरावने सरकारांच्या भोळेपणाचा फायदा घेतला. उद्या पेपरात हेच येईल. मी निघतो."

फाटकापाशी कोणीतरी मोठ्याने हसलं. मग आणखी कोणी. नत्थूच्या पोटात गोष्ट राहत नसे. हसू गल्लीत वळलं, ते पुढल्या चौकापर्यंत ऐकू गेलं. राजेसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा खरीखुरी भीती वाटली. मघाशी तुरुंगाची वाटली नव्हती.

"बसा," ते म्हणाले. "गांजा होता."

"सरकार, हे कुटार..."

"यंदाचं. त्याआधी गांजा होता. आम्ही स्वतः भरला. धंदा आमचा, रुपराव आमचा नोकर. लिहा."

"सरकार, तुरुंग आहे यात."

"आमच्या घराण्यातले पुरुष तुरुंगात जाऊन आलेत. बैल भाड्याने कोणी दिला नव्हता."

रामटेके हात टेकल्यासारखे झोपाळ्याकडे वळले. "राणीसाहेब, तुम्ही तरी समजवा. हातची सुटका सोडून हे काय करून राहिले?"

राणीसाहेब जमिनीवर सांडलेल्या कुटाराकडे बघत होत्या. हा बैल दरवर्षी पोटात हेच कुटार घेऊन वाजतगाजत आपल्या माहेरी जात होता, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं होतं. बाहेरचं हसू थांबत नव्हतं. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि राजेसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

"लिहा," त्या म्हणाल्या. "आम्हीही सामील होतो. फक्त नावं लिहिताना आमचं वर घ्या. तोफांची सलामी आमच्या माहेरी होती."