भिंगातली चमकी

लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून आलोक मंजुषाला नाकात घालायला हिऱ्याची चमकी घेत होता. महिनाभर मोबाइलवर हिऱ्यांचे व्हिडिओ पाहिलेले, त्यामुळे आदिलाबादच्या सराफाला त्याने अगदी भंडावून सोडलं. या खड्यात पिवळी झाक, त्यात केसाएवढी रेघ, तिसऱ्याचे पैलूच धड नाहीत!

"अहो, आयका तर..." मंजुषाने पुन्हा तोंड उघडलं.

"तुले काय समजते यातलं? गप बस जराशी!" भिंगावरचा डोळा न काढता तो खेकसला. तिच्या मस्तकात तिडीक गेली.

अखेर एक बिनडाग हिरा सापडला. सराफाने चमकी आणि आरसा तिच्यापुढे ठेवला.

"घाल आता," आलोक ऐटीत म्हणाला.

मंजुषाने आरसा बाजूला सारला.

 

"आता ते भिंग इकडं आणा जरा. माहं नाक टोचलेलंच नाही."