दलूका थांबेपर्यंत

चाबूक सुती दोरीचा घ्या, असं निवेदकानं बजावून सांगितलं होतं आणि तायल्लाहनं मान डोलावली होती. मंचावर आल्यावर मात्र त्यानं अंगातल्या पायघोळ जलाबियाच्या बाहीतून काढला तो पाणघोड्याच्या कातड्याचा, तेल पाजून लवचीक केलेला. मांडीवर मातीचा ढोल, दलूका, घेऊन गायला बसलेल्या सित्तनानं तो लगेच ओळखला. कमरेपर्यंत उघडा, काठीवर हात टेकवून समोर उभा होता तिचा मुलगा बाबिकर.

अतबऱ्याच्या रेल्वे क्लबचं पटांगण खच्चून भरलं होतं. शाळेच्या मुलींचं गाणं झालं, नुबा टोळीचा शिंगं बांधून नाच झाला, कसला शहरातले तलवारवाले धूळ उडवून गेले. आता लग्नातलं बुतान, चाबकाचा खेळ. "आपल्या मातीतलं शौर्य!" निवेदक माइकमध्ये ओरडला. खार्तूमहून आलेला हा सूटवाला माती बघायचा ती बुटाला लागली तरच. त्याला हा नाचाचाच एखादा प्रकार वाटत होता.

गावाला नियम सांगायची गरज नव्हती. बायकांचा ढोल वाजतो तोवर चाबूक चालतो. उभा राहिलेल्यानं हलायचं नाही, कण्हायचं नाही. ढोल थांबला की खेळ संपला.

"परवा तुमची माणसं आमच्या दारात आली होती ना?" तायल्लाह बाबिकरच्या कानाशी म्हणाला. सित्तनाला शब्द न् शब्द ऐकू आला. "माझ्या बहिणीला मागायला? उत्तर सगळ्यांसमोर देईन म्हटलं होतं. घे."

पहिल्याच फटक्याला कातडी उकलली.

ती बहीण, तुमादिर, सित्तनाच्या शेजारीच बसून छोटा ढोल वाजवत होती. तिचे हात थांबले नाहीत. बायकांनी जिभा हलवून किलकारी फोडली. तायल्लाह फटक्यावर फटका ओढत गेला, एकाच जागी, मुद्दाम. रक्त बाबिकरच्या पायजम्याच्या नाडीपर्यंत उतरलं. "रंग काय झकास वापरलाय!" निवेदक शेजाऱ्याला म्हणाला.

ढोल थांबवणं सित्तनाच्या हातात होतं. पण आईनं थांबवला तर उद्या चहाच्या टपरीवर पोरं काय म्हणतील, हे तिला ठाऊक होतं. आईनं पदराखाली घेतला. त्या बोलण्यातून बाबिकर जन्मात उठला नसता. तो काठी घट्ट धरून समोर बघत होता आणि आई त्याच्या पाठीवरच्या फटक्यांना ताल देत होती. त्या घटकेला तिला तायल्लाहचा गळा दातांनी फोडावासा वाटला.

मग तिनं गाणं बदललं.

"तायल्लाह आहे का हो मंडळीत, नाईलच्या मगरीचा भाऊ? चाबूक ठेव, ये रे पुढे, तुझ्याच नावाचा हा ढोल!"

पटांगण उसळलं. गाणारीनं नाव घेतलं की त्या मर्दाला पाठ उघडी करावीच लागते. तायल्लाहनं सित्तनाकडे रोखून पाहिलं. हसला. "म्हातारे, गळा अजून ठणठणीत आहे तुझा," म्हणत त्यानं जलाबिया उतरवला आणि चाबूक बाबिकरपुढे धरला. दुसऱ्या कुणाला दिला असता तर भ्याला म्हणाले असते. हवेत बोटं वाजवून त्यानं आरोळी ठोकली, "अबशिर! हा उभा मी! कर मन मोकळं, मेव्हण्या!"

त्या शब्दानं लोक हसले. बाबिकर हसला नाही. त्याचा पहिला फटका तायल्लाहच्या खांद्याला वळसा घालून मानेत रुतला. पुढचे कुठे बसताहेत याचा हिशेब कुणी ठेवला नाही. तायल्लाह ताठ उभा होता. मग ताठ नव्हता. एकदा त्याचा गुडघा वाकला, त्यानं काठीच्या आधारानं तो परत सरळ केला. पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या अंगावरच्या पांढऱ्या तोबवर शिंतोडे उडाले, तेव्हा कुठे निवेदकाला रंग कसला आहे ते कळलं. तो धडपडत माइककडे धावला. "बास, बास! धन्यवाद! पुढचा कार्यक्रम..."

"खाली बस रे, सूटवाल्या!" मागून कुणीतरी डाफरलं.

बाबिकर दमला होता. चाबूक उचलताना त्याची स्वतःचीच पाठ फाटत होती. त्यानं वळून आईकडे पाहिलं. थांबव, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ढोल चालू असताना चाबूक खाली ठेवणं त्यालाही जमणार नव्हतं. सित्तनानं त्याची नजर ओळखली आणि हात आणखी जोरात आपटला. खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

तायल्लाह दोन्ही गुडघ्यांवर आला. काठी सोडली नाही, एवढंच.

छोटा ढोल बंद पडला. तुमादिरनं सित्तनाचं मनगट धरलं होतं.

"खाला, पुरे करा. मरेल तो." ती कुजबुजली. "खाला, मी तुमच्याच घरात यायची आहे."

सित्तनानं मनगट सोडवून घेतलं.

"वाजव," ती म्हणाली. "थांबलीस तर जन्मभर म्हणतील, बहिणीनं वाचवला."

 तुमादिरनं दोन्ही हात ढोलावर ठेवले आणि वाजवू लागली. गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ताल कुठे चुकला नाही.