तिकडचा दर्या

स्कॉटलंडच्या बोटीवरून बाबा व्हिडिओ कॉलवर जाळंभर मासे दाखवत होते. "बघ बाय, केवढं म्हावरं! तुझं कॉलेज पक्कं!"

पण हर्षालीची नजर मागच्या खुंटीवर खिळली. लाइफ जॅकेट तिथेच लटकत होतं. "ते अंगात का नाही?" ती कडाडली.

"कोळ्याला कशाला गं जॅकेट? दर्या आपल्याला सांभाळतो."

हर्षालीचं डोकंच फिरलं. "आपला दर्या इथला, हर्णैचा! नारळी पुनवेला आपण ह्याला नारळ देतो. तिकडचा तुला ओळखतो तरी का?"

बाबा गंभीर झाले. "खरंच की गं. इथे नारळ कुठे मिळेल?"

"आधी जॅकेट घाल!" ती अशी किंचाळली की मागच्या गोऱ्या कप्तानाने अक्षरही न कळता मुकाट स्वतःचं जॅकेट चढवलं. मग बाबांनीही.