रोजची दुरुस्ती

"पुन्हा तीच ओळ. सुरू केला की रोज उगवते. बिघडलाय मेला," मी सुनेच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं.

"मायक्रोकोड अपडेट म्हणतात त्याला, आई. प्रोसेसरमध्ये मुळातच चूक राहिलीय. बंद केला की दुरुस्ती विसरतो, म्हणून रोज नव्याने सांगावी लागते. न चिडता."

टोमणा मला कळतो. आमच्या ह्यांना एसटीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. रोज सकाळी ते विसरतात, खाकी चढवून डेपोत निघतात, आणि मी गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडते. आज ती खाकी बोहारणीला द्यायला काढली होती.

तेवढ्यात हे ती शोधत आले.

"तुमची आजची रजा मंजूर झालीय. चहा घ्या," मी म्हटलं.

ते निवांत टेकले. खाकी मी परत खुंटीला लावली. उद्याही लागेल.