तसाच फोटो

"हात छातीशी धरा. खुर्चीला टेकवायचे नाहीत," आजी म्हणाली. "हं, उठा आता."

आजोबा उठले. गुडघे कुरकुरले, पण उठले.

"परत."

"अगं, तू बायको आहेस की जल्लाद?"

"बसा आणि परत उठा. फोटो हवाय ना?"

फोटो तर हवाच होता. लग्नाच्या दिवशी आजोबांनी तिला दोन्ही हातांवर अलगद उचललं होतं आणि फोटोवाल्यानं खटका दाबला होता. बेकरीत मैद्याची पोती उचलणारे ते हात. शिवणयंत्रावर बसणारी ती बारकीशी पोर त्यांना चिमणीएवढीच वाटली. तेव्हापासून तिचं नावच चिमणी पडलं. आता लग्नाला पन्नास वर्षं होत होती. तसाच फोटो पुन्हा काढायचा, असा शब्द आजोबा चारचौघांत देऊन बसले होते.

पण मधल्या आजारपणानं दंड पार वाळले. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं, "या वयात स्नायू आपणहून झिजतात. चहा-बिस्किटांवर ते टिकायचे नाहीत. प्रत्येक जेवणात प्रथिनं हवीत, आणि अंगाला थोडं ओझंही हवं."

त्या दिवसापासून आजीचं राज्य सुरू झालं. सकाळी अंडी, दुपारी घट्ट डाळ नि दही, रात्री मासळी, नाहीतर मोड आलेले मूग. आजोबा तोंड वाकडं करत. मग तीही समोर बसून तेवढंच खाई, म्हणजे त्यांना बोलायला जागा उरत नसे. वाळूच्या पिशव्याही तिनंच शिवल्या. मागच्या खोलीतून आणून ती त्या आजोबांच्या पायाशी ठेवी. आजोबा त्या उचलत, धापा टाकत, हाश्शहुश्श करत खुर्चीत कोसळत. मग ती पिशव्या परत नेऊन ठेवी. आठवडा सरला की त्यांत थोडी वाळू वाढे.

"बाबा, आईला पाडाल हो," मुलगी म्हणाली. "शेजारी शेजारी बसून काढा की फोटो."

मुलगी गेल्यावर आजोबा हळूच म्हणाले, "चिमणे, नाहीच जमलं तर? सगळ्यांना सांगून बसलोय गं."

"फोटो निघणार म्हणजे निघणार. तुम्ही मुकाट्यानं अंडं संपवा."

तो दिवस उजाडला. फोटोवाल्याच्या खोलीत मुलगी, जावई, नातवंडं आणि बेकरीतली जुनी मंडळी दाटीवाटीनं उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "मालक, मैद्याचं पोतं नव्हे, सांभाळून!" आजोबांनी ऐटीत बाह्या सरसावल्या. कपाळावर मात्र घाम तरारला होता.

"तयार?" फोटोवाल्यानं विचारलं.

आजीनं चपला काढून बाजूला सारल्या. आजोबांना अगदी खेटून उभी राहिली आणि त्यांच्या कानात काहीतरी पुटपुटली. आजोबांचे डोळे विस्फारले.

मुलीनं डोळे गच्च मिटून घेतले. दोन पावलं जमिनीवरून सुटली, हवेत तरंगली, आणि टाळ्या, शिट्ट्या, हशा यांनी खोली दणाणली.

"अगं चिमणे, हळू!" आजोबा वरून ओरडले. "पाडशील मला!"