निवडलेले बटाटे

सहकारी भांडाराच्या अध्यक्षांनी आभाराचं भाषण पाच मिनिटांत उरकलं. मावशींनी एकतीस वर्षं भाजी निवडली, संस्था त्यांची ऋणी आहे, असं म्हणून त्यांच्या हातात भिंतीवरचं एक घड्याळ ठेवलं. टाळ्या झाल्या. मग जाता जाता ते म्हणाले, "मावशी, तेवढं बटाट्याचं शेवटचं पोतं निवडून टाकता का? उद्यापासून काय, लोक आपापलं घेतीलच."

मावशी "हो" म्हणाल्या. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं.

घड्याळ फरशीवर ठेवून त्या उलट्या क्रेटवर टेकल्या. गुडघे सकाळपासून ठणकत होते. उजवा अंगठा तर महिनाभर वळतच नव्हता. चांगला बटाटा क्रेटमध्ये, सडका पाटीत. बघावंही लागत नव्हतं. हात आपले चालले होते.

दारात काठी वाजली. रेडिओकाका आले. एके काळी सगळ्या वस्तीचे रेडिओ तेच दुरुस्त करायचे. बारा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली, बायको त्याच्याही आधी गेलेली. एकटे राहत, हाताने रांधून खात. दर आठवड्याला मावशींकडे रिकामी पिशवी द्यायची आणि भरलेली घेऊन जायचं, एवढाच त्यांचा बाजार.

"मावशी, तुम्ही चाललात म्हणे."

"चालले बाबा. आता होत नाही."

"मग माझी पिशवी?"

"आता ज्याचं त्यानं निवडून घ्यायचं. नवीन पद्धत आहे."

काका पिशवीची घडी घालत राहिले, मोडत राहिले.

मावशींना घरी जाऊन नुसतं आडवं व्हायचं होतं. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि पायानेच दुसरं क्रेट पुढे ओढलं.

"बसा इथं. हात आणा इकडं." त्यांनी काकांच्या तळव्यावर एक बटाटा ठेवला. "हा कसा, घट्ट आहे ना? साल ताणलेली. असा घ्यायचा."

"आणि घ्यायचा नाही तो?"

मावशींनी त्यांचा हात पाटीत नेला. काकांची बोटं चाचपडत फिरली आणि एकाएकी अंगठा भसकन आत गेला. त्यांनी हात मागे ओढला, नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं.

"ई! हे काय?"

"सडका बटाटा."

"आपल्या भांडारात येतात असले?"

"रोज येतात. एका पोत्यात पाटीभर तरी निघतात."

काका तो बरबटलेला अंगठा तसाच हवेत धरून बसले.

"माझ्या पिशवीत एकदाही निघाला नाही," ते म्हणाले. "मला वाटायचं, इथला मालच तसा. जो भेटेल त्याला सांगायचो, घ्यायचं तर आपल्या भांडारातूनच घ्या." त्यांचा आवाज खाली आला. "मावशी, बारा वर्षं मी नाव भांडाराचं घेत होतो हो."

मावशींनी पदराच्या टोकाने त्यांचा अंगठा पुसला. नखाच्या कडेतलंही काढलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "सरका जरा पुढं. अजून कांदे शिकायचेत."