थोपटलं की झोपतो

“बघा, पुन्हा मिटला,” भाऊ म्हणाला. “तुमच्या डोळ्यांदेखत.”

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या ताईंनी मान हलवली. पडदा काळा झाला होता. कडेचा इवलासा दिवा मात्र श्वास घ्यावा तसा उजळत होता, मंदावत होता.

“मेला नाही, झोपलाय. बॅटरी म्हातारी झालीय, पण एवढीही नाही.”

लॅपटॉप त्याच्या बहिणीचा. तिच्या चपला नदीच्या पुलावर सापडल्या, ती सापडली नाही. निघाली तेव्हा अंगावर पिवळा ड्रेस आणि उजव्या हातात निळ्या मण्यांचं ब्रेसलेट, बाकी काही नाही, हे भाऊ भेटेल त्याला सांगत फिरत होता. ताईंनाही सांगून झालं होतं.

“शेवटचं कुणाला लिहिलं, तेवढं बघायचंय,” तो म्हणाला. “पासवर्ड ठाऊक आहे. मीच ठेवायला लावला होता. पण दोन ओळी वाचतोय तोवर हा डोळे मिटतो. तीच मिटवते, दुसरं काय!”

शेजारी आई बसली होती. उकाड्यातही अंगात लांब बाह्यांचा स्वेटर. लॅपटॉपच्या कडेवर हात ठेवून ती हलकेच थोपटत होती, तान्ह्याची पाठ थोपटावी तसं. ओठांत पुटपुटत होती,

“नीज माझ्या मैने, निजली गं वाट,
तुझ्या पापणीत दडू दे पहाट.”

“आई, पुरे गं. लोक हसतात.”

“हसू देत. लोकांचे दात, लोकांचं तोंड.”

ताईंनी लॅपटॉप उलटा केला. “कोपरा चेपलाय. पडला होता?”

“फेकला होता,” आई म्हणाली.

“पडला होता,” भाऊ म्हणाला.

ताईंनी लॅपटॉप ठेवून घेतला. बॅटरी बदलली, चार्जरची सैल पिन बसवली, पंख्यातली धूळ झटकली. मग चालू करून नुसता टेबलावर सोडला. चार्जर काढला, चालू. हलवला, उचलून आपटल्यासारखा ठेवला, तरी चालू. दिवसभर त्याची पापणी लवली नाही. कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखा तो जागा होता.

यंत्राला माणूस ओळखता येत नाही, असं ताई गिऱ्हाइकांना जन्मभर सांगत आल्या होत्या. त्या संध्याकाळी दुकान बंद करताना मात्र त्यांनी लॅपटॉपवर फडकं टाकलं.

दुसऱ्या दिवशी मायलेक आले. भावानं पासवर्ड टाकला. पडदा उजळला. त्यानं खुर्ची पुढे ओढली. आईनं हात पुढे केला, थोपटलं आणि पडदा विझला.

“बघितलंत?” भावाचा आवाज चिरकला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो बाहेर गेला. ताई बघत राहिल्या, लॅपटॉपकडे नाही, आईच्या हाताकडे.

“मावशी, हात उचला बघू.”

आईनं उचलला. पडदा जागा झाला.

“ठेवा.”

झोपला.

“झाकणात चुंबक असतं, मावशी,” ताई हळू आवाजात म्हणाल्या. “ते जवळ आलं की ह्याला वाटतं झाकण मिटलं, आणि हा झोपतो. दुसरं कुठलं चुंबक आलं तरी फसतो. तुमच्या मनगटात काय आहे?”

ताईंनी तिची बाही जरा वर सारली. मनगटात निळ्या मण्यांचं ब्रेसलेट होतं, चुंबकानं मिटणारं. त्याच्यावर, कोपराच्या दिशेनं, कुणाच्या तरी दणकट हाताची पाच बोटं उमटली होती. मण्यांसारखीच निळी.

“काय निघालं?” भाऊ दारात उभा होता.

ताईंनी बाही खाली केली आणि झाकण मिटलं.

“बोर्ड जळाला. डिस्कही गेली. ह्यातून आता कुणालाच काही वाचता यायचं नाही. सुटे भाग तेवढे माझ्या कामाला येतील.”

“घाला चुलीत!” तो म्हणाला आणि पाय आपटत गाडीकडे गेला.

आई उठली. मिटल्या लॅपटॉपला तिनं एकदाच थोपटलं.

“पुलावर चपला सोडून बसमध्ये चढताना तिनंच ब्रेसलेट काढून माझ्या हातात घातलं,” ती पुटपुटली. “म्हणाली, आई, लॅपटॉपला जागू देऊ नकोस. पोचली ती, ताई. काल फोनवर आवाज ऐकला.”